ओपन जिम झाली, पण हललं कोण?

(एपिसोडचा लेखी मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे.)

 

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. आपला एक श्रोता म्हणतो, "ताई, आमच्या वॉर्डातल्या बागेत ओपन जिम झाली. उद्घाटन झालं, बॅनर लागला, फोटो आले. आता सकाळी बघावं तर मशीनवर तेच चार काका, जे आधीही रोज चालायला यायचे. माझी आई बागेच्या अगदी समोर राहते. तिला शुगर आहे, डॉक्टर दर वेळी 'चाला' म्हणतात. पण ती एकदाही आत गेलेली नाही. मग या जिमचा उपयोग झाला म्हणायचा की नाही?"

प्रश्न साधा वाटतो ना? पण जगभर सरकारं, महापालिका आणि संशोधक याच प्रश्नावर डोकं खाजवतायत. लोकांनी जास्त हालचाल करावी म्हणून स्थानिक पातळीवर काहीतरी केलं, पैसे घातले. ते लागू पडलं का, हे ठरवायचं कसं? आणि लागू पडलं असेल, तर कुणाला?

याची उत्तरं शोधायला आज आपण इंग्लंडला जाणार आहोत. कारण तिथे हा प्रयोग चुकलाय, सुधारलाय आणि मुख्य म्हणजे मोजला गेलाय. शेवटी पुन्हा त्या बागेसमोर येऊ.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला, शारीरिक निष्क्रियता. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. मध्यम जोराची म्हणजे काय? चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की समजा जमलं. जे पुरेशी हालचाल करत नाहीत, त्यांच्या मृत्यूचा धोका पुरेशी हालचाल करणाऱ्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी जास्त असतो. २०२४ मध्ये आलेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात दिसलं की २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ या मापात बसत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, बायकांमध्ये सुमारे ५७ टक्के. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा शब्द, आरोग्यातली विषमता. म्हणजे तुम्ही कुठल्या वस्तीत राहता, खिशात किती पैसे आहेत, यावर तुमचं आयुष्य किती आणि कसं जाणार हे ठरणं. २०१० मध्ये मायकेल मार्मट यांच्या समितीने इंग्लंडबद्दल अहवाल दिला. त्यात होतं की सगळ्यात गरीब वस्त्यांमधली माणसं सगळ्यात श्रीमंत वस्त्यांमधल्या माणसांपेक्षा सरासरी ७ वर्षं आधी मरतात. आणि धडधाकट, अपंगत्वाशिवाय जगायची वर्षं मोजली, तर फरक थेट १७ वर्षांचा. एकाच देशात, बरं का.

आता हे दोन शब्द एकत्र ठेवा. इंग्लंडमध्ये साधारण चारातला एक प्रौढ आठवड्याला अर्धा तासही हालचाल करत नाही. आणि चांगल्या नोकऱ्या असलेले लोक आणि कष्टाची, कमी पगाराची कामं करणारे किंवा बेरोजगार लोक यांच्यात 'सक्रिय' असण्याचं अंतर सुमारे २० टक्क्यांचं आहे. म्हणजे हालचाल हीसुद्धा ऐपतीप्रमाणे वाटली गेलीये.

फुकट पोहण्याची गोष्ट

एप्रिल २००९. लंडन ऑलिम्पिक तीन वर्षांवर आलेलं. ब्रिटिश सरकारने इंग्लंडमध्ये योजना आणली: १६ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना आणि साठी ओलांडलेल्यांना पालिकेच्या तलावांत पोहणं फुकट. खर्च ठरला १४ कोटी पौंड. कल्पना किती सरळ! लोक का पोहत नाहीत? तिकीट परवडत नाही. मग तिकीटच काढून टाका.

आणि लोक आले की! लाखोंनी फुकट फेऱ्या झाल्या. तुमच्या-माझ्यासारख्याने आकडा पाहिला असता तर टाळ्या वाजवल्या असत्या.

मग पहिल्या वर्षाचं मूल्यमापन झालं. त्यात विचारलं गेलं की हे पोहणारे लोक योजना नसती तरी पोहले असते का? उत्तर आलं, बहुतेक जण हो. म्हणजे सरकारने ज्यांची तिकिटं भरली, त्यातले पुष्कळसे आधीपासून पोहणारेच होते. २०१० मध्ये सत्ता बदलली, नव्या सरकारला खर्च कापायचाच होता, आणि हाच निष्कर्ष पुढे करून जुलैअखेरीस योजना बंद झाली. ती मार्च २०११ पर्यंत चालायची होती.

इथे थांबून विचार करा. नुकसान कुणाचं झालं? जे काका आधीही पैसे भरून पोहत होते, ते पुन्हा पैसे भरून पोहायला लागले असतील. पण ज्या घरात दोन मुलांच्या तिकिटाचा विचार करावा लागतो, तिथली मुलं? योजनेने त्यांना नीट शोधलंही नाही आणि ती बंद झाल्याचा फटका मात्र त्यांनाच जास्त बसणार. म्हणून म्हणते, मूल्यमापन हे फाइलीतलं काम नाही. ते नीट नसेल तर चुकीची योजना चालू राहते, किंवा दुरुस्त करता आली असती अशी योजना बंद पडते.

तेच फुकट, पण वेगळा निकाल

आता त्याच देशातलं दुसरं गाव. ब्लॅकबर्न विथ डार्वेन, लँकेशायरमधला भाग. एकेकाळी कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध, नंतर गिरण्या गेल्या आणि गरिबी राहिली. गिरणगावच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे चित्र लगेच कळेल. भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांचीही इथे मोठी वस्ती आहे.

इथल्या पालिकेनेही जिम आणि पोहणं फुकट केलं. पण एवढ्यावर थांबले नाहीत. सोबत वस्तीत जाऊन काम केलं. जे स्वतःहून येणार नाहीत त्यांच्याशी बोलायचं, त्यांना सोबत घेऊन यायचं.

२०१८ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी फक्त ब्लॅकबर्न पाहिलं नाही, अशी योजना नसलेल्या भागांशी तुलना केली. निकाल काय? जिम आणि पोहण्याची हजेरी ६४ टक्क्यांनी वाढली. आणि खरी बातमी पुढे आहे: वाढ गरीब गटात जास्त होती. म्हणजे दरी थोडी मिटली असावी.

दोन्हीकडे तिकीट शून्य. मग फरक कशाने पडला असेल? दोन ठिकाणं एका कारणाने वेगळी होत नाहीत, वयोगटही वेगळे होते. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. तिकीट हा फक्त एक अडथळा असतो. बाकीचे असतात वेळ, लाज, कपडे, भाषा, मुलांना कुणाकडे ठेवायचं, रस्त्यात दिवे आहेत का, आणि 'ही जागा आपल्यासारख्यांसाठी नाही' ही भावना. तिकीट काढून टाकलं की ज्याच्यापुढे तेवढा एकच अडथळा होता, तो आत येतो. ज्याच्यापुढे सहा होते, त्याच्यापुढे अजून पाच आहेतच.

वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच असलं काहीतरी वैद्यकीय सेवेबद्दल सांगितलं होतं. ज्यांना सेवेची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच ती सगळ्यात कमी मिळते. जिमचंही तेच.

सरासरी कशी फसवते

आता थोडं गणित. घाबरू नका, दुकानातल्या हिशोबाएवढंच आहे. हे आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी.

समजा एका वॉर्डात १००० प्रौढ. ५०० सोसायट्यांमध्ये राहणारे, ५०० वस्तीत राहणारे. बाग सुधारण्याआधी सोसायटीतले ३०० आणि वस्तीतले २०० पुरेशी हालचाल करायचे. एकूण ५००, म्हणजे ५० टक्के.

बाग सुधारली. वर्षाने मोजलं. सोसायटीतले ३८०, वस्तीतले २१०. एकूण ५९०. म्हणजे ५० वरून ५९ टक्के! बॅनर छापायला हरकत नाही.

पण आतलं बघा. आधी सोसायटीत ६० टक्के आणि वस्तीत ४० टक्के, अंतर २० चं. आता ७६ आणि ४२, अंतर ३४ चं. सगळ्यांचं भलं झालं, कुणाचं वाईट झालं नाही, तरी दरी वाढली. आणि शुगर, बीपीचा त्रास ज्यांना आधीच जास्त, ते होते तिथेच राहिले. म्हणून एकच सरासरी आकडा कुणी दाखवला, की विचारायचं, "फोड करून दाखवा."

दुसरी फसवणूक 'आधी आणि नंतर' ची. समजा तुमच्या वॉर्डात ४० वरून ४६ टक्के झाले. मस्त. पण शेजारच्या वॉर्डात, जिथे काहीच केलं नाही, तिथेही ४० वरून ४४ झाले असतील तर? कदाचित हिवाळा होता, कदाचित मॅरेथॉनची हवा होती. म्हणजे तुमच्या योजनेच्या खात्यात ६ नाही, फक्त २ जमा. ब्लॅकबर्नच्या अभ्यासाला वजन आहे ते अशा तुलनेमुळे. फुकट पोहण्याच्या योजनेतला 'नसतं तर काय झालं असतं?' हा प्रश्नही इथलाच.

मोजायचं काय?

आता श्रोत्याच्या आईकडे येऊ. पहाटे उठून डबे, मग काम, संध्याकाळी पुन्हा ओटा. ती म्हणणार, "मी दिवसभर उभीच असते, अजून काय हलू?" आणि तिचं चुकतंय का?

गंमत बघा. इंग्लंडच्या 'ॲक्टिव्ह लाइव्ह्ज' सर्वेक्षणात चालणं, सायकल, खेळ, नाच, जिम धरतात. घरकाम आणि नोकरीतले कष्ट धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मात्र काम, घर, प्रवास, खेळ सगळं येतं. म्हणजे एकच बाई एका मापात निष्क्रिय, दुसऱ्या मापात कदाचित सक्रिय! मापपट्टी कुठली, हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका.

पण दुसरी बाजूही सांगते. दमणं आणि १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहून पाय दुखतात, पण हृदयाला लागणारा व्यायाम होतोच असं नाही. त्यामुळे 'तू निष्क्रिय आहेस' असं तिला सांगणं उद्धटपणा, आणि 'तू तर दिवसभर राबतेस, तुला गरज नाही' म्हणणं ही फसवणूक. तिला हवा आहे तो तिच्या स्वतःच्या हक्काचा अर्धा तास. योजना तो अर्धा तास मिळवून देते का, हे मोजायला हवं.

अजून एक अडचण. लोकांना 'किती चालता?' विचारलं की ते थोडं वाढवून सांगतात. आपण नाही का डेंटिस्टला सांगत, दोनदा ब्रश करतो म्हणून! यावर उपाय ब्रॅडफर्डमध्ये दिसतो. तिथे 'जम्प' नावाचा कार्यक्रम ५ ते १४ वयाच्या मुलांसाठी सुरू झाला. एकच क्लास नाही. शाळा, बागा, कुटुंबं आणि मदरसेसुद्धा सोबत घेतले, कारण तिथल्या बऱ्याच मुलांची संध्याकाळ मदरशात जाते. मूल्यमापन 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड' या गटाकडे. हा गट २००७ पासून शहरातल्या हजारो मुलांना जन्मापासून अभ्यासतोय. त्यांनी मुलांना हालचाल टिपणारी छोटी यंत्रं लावली आणि कार्यक्रम नसलेल्या वस्त्यांतल्या मुलांशी तुलना केली. तोंडी उत्तरावर विसंबले नाहीत.

एक योजना नाही, अख्खी जागाच

ब्रॅडफर्ड एकटं नव्हतं. 'स्पोर्ट इंग्लंड' या सरकारी संस्थेने २०१७ च्या शेवटी १२ जागा निवडल्या. त्यात ग्रेटर मँचेस्टरसारखा प्रचंड प्रदेश होता, विदर्नसीसारखं समुद्रकाठचं छोटं गाव होतं, आणि आपल्याकडच्या पंजाबी कुटुंबांमुळे प्रसिद्ध असलेलं लंडनचं साउथॉलही होतं. साधारण १० कोटी पौंड. अट वेगळी होती: लंडनहून तयार योजना पाठवायची नाही. तिथल्या लोकांना विचारा, काय अडतंय, आणि तिथून सुरुवात करा.

एसेक्समध्ये याचं एक छान उदाहरण आहे. जेविक नावाचा किनाऱ्यावरचा भाग. सरकारी निर्देशांकात २०१०, २०१५ आणि २०१९, तिन्ही वेळा इंग्लंडमधली सगळ्यात वंचित वस्ती ठरलेला. तिथे आणि शेजारच्या क्लॅक्टनमध्ये लोकांना फुकट सायकली दिल्या गेल्या. हेतू फक्त व्यायामाचा नव्हता. बसचं भाडं वाचतं, नोकरीच्या ठिकाणी जाता येतं. कारण ज्याला उद्याच्या पगाराची चिंता आहे, त्याला 'हृदयासाठी सायकल चालवा' सांगून काय होणार? 'कामाला जायला सायकल घ्या' हे लगेच पटतं. आणि इथेही खरा प्रश्न 'किती सायकली वाटल्या' हा नाहीच. सहा महिन्यांनी किती सायकली रस्त्यावर आहेत, हा आहे.

पण अशा कामाचं मूल्यमापन अवघड, बरं का. गोळी दिली, ताप उतरला, असं इथे नसतं. बाग, शाळा, डॉक्टर, पोलीस, मंडळं सगळं एकदम हलत असतं. मग 'हे याच्यामुळेच झालं का?' याऐवजी 'यात याचा हातभार किती?' असं विचारावं लागतं. आकड्यांसोबत लोकांच्या मुलाखती लागतात. आणि वेळ लागतो, वर्षं लागतात. आपल्या निवडणुकीच्या कॅलेंडरमध्ये न बसणारी वर्षं! तरीही २०२३ मध्ये स्पोर्ट इंग्लंडने हाच मार्ग ८० ते १०० जागांपर्यंत न्यायचं ठरवलं, २५ कोटी पौंड देऊन, आणि गरज जास्त तिथे पैसा जास्त, हे तत्त्व ठेवून. मार्मट यांच्या अहवालातही हेच होतं: सेवा सगळ्यांना द्या, पण जोर गरजेच्या प्रमाणात लावा.

मग आपल्या बागेचं काय?

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ओपन जिम वाईट नाही. त्या चार काकांनाही व्यायामाचा हक्क आहे. पण जिम 'यशस्वी' झाली की नाही, हे काकांकडे बघून ठरणार नाही. पाच प्रश्न लिहून घे:

१. आधी काय होतं? मशीन लागण्याआधी बागेत कोण, किती यायचं, हे कुणी मोजलं होतं का?

२. नसतं तर काय झालं असतं? आज दिसणारे लोक नवे आहेत, की जुनेच, फक्त मशीनवर बसलेले?

३. कोण आलं नाही? बायका, वस्तीतली मुलं, अपंग माणसं, रात्रपाळी करणारे. आणि का नाही? हे त्यांनाच विचारायचं, आपण अंदाज करायचा नाही.

४. मोजलं काय? मशीनची संख्या, हजेरी, की लोकांची प्रत्यक्ष हालचाल?

५. वर्षाने काय? मशीन चालू आहे का, आणि आलेला माणूस टिकला का?

हे करायला पीएचडी लागत नाही. तीन दिवस निवड: एक कामाचा, एक सुट्टीचा, एक कुठलाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बाकावर बस आणि वहीत खुणा कर: बाई, पुरुष, मूल, म्हातारं माणूस. नावं नकोत, फोटो तर अजिबात नकोत. मग बाहेरच्या दहा जणांशी बोल, जे येत नाहीत. सुरुवात आईपासून कर. कदाचित ती म्हणेल, "संध्याकाळी साडेसातनंतर वेळ असतो, पण तेव्हा तिथे अंधार असतो." किंवा "बाकीच्या बायका आल्या तर मीही येईन." मग तुला कळेल की वॉर्डाला अजून एक मशीन नको होतं, दोन दिवे आणि बायकांचा एक गट हवा होता. खर्चही कदाचित कमी.

जिमवर किती खर्च झाला, देखभालीचं काय ठरलंय, हे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली महापालिकेला विचारता येतं. आणि पुण्यातल्या ऐकणाऱ्यांसाठी: पुणे महापालिकेने २००६ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं, म्हणजे नागरिक आपल्या भागातली छोटी कामं सुचवू शकतात. तिथे 'अजून एक जिम द्या' असं लिहिण्यापेक्षा वहीतल्या खुणा जोडून 'या वेळेला दिवे द्या' असं लिहिलंत, तर त्याला वजन येईल.

आणि वहीत मोजलं काय सापडलं, ते मला नक्की कळवा. कितीही छोटं असू दे. चार-पाच जणांनी जरी मोजलं, तरी आपण त्यावर एक एपिसोड करू, तुमच्याच आकड्यांवर.

चला, आज एवढंच. हा भाग बसून ऐकला असाल, तर पुढचा चालत ऐका. आणि जमलं तर एक इअरफोन आईला द्या, तिलाही सोबत घेऊन जा. भेटू पुढच्या आठवड्यात!